मोटर वेळेवर थांबेना

अमडापूरला माझ्या धाकट्या भावाचा भाजीचा मळा आहे. विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटर कोरडी फिरून जळते, म्हणून बाजाराच्या दिवशीही तो मोटरजवळ बसून राहायचा. मी मेहकरला घरून काम करते. छोट्या यंत्रांच्या ऑपरेटिंग सिस्टीम लिहिते. तेव्हा त्याच्या स्टार्टरला जोडायची डबी मीच केली.

मोटर सुरू करून डबी पाइपातल्या सेन्सरकडून पाण्याची खबर यायची वाट पाहत झोपते, म्हणजे काही न करता थांबते. खबर आली की पुन्हा नव्यानं मिनिट मोजते. मिनिटभरात खबर आली नाही, तर तिनं मोटर बंद करायची. घरी माझ्या यादीतल्या सगळ्या चाचण्या पार पडल्या. मळ्यावर मात्र पाइप मुद्दाम पाण्याबाहेर काढला, तर मोटर थांबेचना. शेवटी भावानंच बटण दाबलं.

"ताई, तुह्या डबीच्या भरवशावर बाजारात गेलो असतो तं मोटर गेली असती ना वं!"

डबी काढून घेतली आणि आम्ही दोघं मेहकरच्या बससाठी फाट्यावर आलो.

"दहा मिनटं पाहू. नाही आली तं गाडीवर सोडतो तुले."

चिखलीची बस आली. आपली नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "पाहू आणखी दहा मिनटं." मग जीप आली. पुन्हा दहा मिनटं.

"अरे, तुहे दहा मिनटं सरतीन कवा?"

"काऊन? आताच तं सुरू झाले!"

मला हसू फुटलं. माझी डबीही नेमकं हेच करत होती! मळ्यावर व्होल्टेज सारखं वरखाली होतं. दर वेळी डबी जागी व्हायची, ही पाण्याची खबर नव्हे म्हणून परत झोपायची, आणि मिनिट पहिल्यापासून मोजायची. घरी व्होल्टेज हलतच नाही, तिथं हे दिसणार कसं?

"गाडी मळ्याकडे घे," मी म्हटलं.

लॅपटॉप पिशवीतच होता. मळ्यावर बसून डबीचा प्रोग्राम बदलला: तिनं झोपण्याआधीच घड्याळ पाहून मुदत ठरवायची. मध्ये जाग आली तर उरलेलाच वेळ झोपायचं, उरला नसेल तर झोपायचंच नाही. घड्याळही असं, की कुणी तारीख बदलली तरी ते मागं जाऊ नये. आणि मोटर बंद करण्याआधी पाणी एकदा तपासायचं, अगदी शेवटच्या क्षणी आलं असेल तर?

पाइप पुन्हा पाण्याबाहेर काढला. व्होल्टेज नाचत होतं, पण या वेळी मोटर वेळेवर गप्प झाली. भावानं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी मोटर चालू ठेवून तो वांगी घेऊन बाजाराला गेला. दुपारी फोन आला.

"ताई, वांगे खपले. आता मोटर पाहाले जातो."

"काऊन बे? डबी हाय ना!"

"हाव, हाय. पण डबीले तरी एकटं किती सोडावं?"