काजळीचा ठिपका

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमचं घर बौद्ध, त्यात माझी नोकरी प्रयोगशाळेतली... कुणी अंगात येण्याचा विषय काढला की मी उठून चहा टाकायला जातो. पण ही एक गोष्ट इतकी वर्षं डोक्यातून जात नाही, म्हणून इथं लिहितोय.

आमचं गाव मुरुमजवळ, तालुका उमरगा. काळ ऐंशीच्या दशकातला, दुष्काळाचा. शेतात काही उरलं नाही तेव्हा गावातल्या बायकांनी कोंबडीपालनाची सोसायटी काढली. तिथल्या अंडी उबवायच्या मशीनवर माझी भागाआत्या होती. आई लवकर गेली, मला आत्यानंच वाढवलं. मशीन म्हणजे काय, कंदिलाच्या उबेवर चालणारी लाकडी पेटी! उबवायच्या प्रत्येक अंड्यावर आत्या बोटानं काजळीचा ठिपका लावायची. ठिपक्याचं अंडं खायचं नाही, विकायचं नाही, कुणी उचलायचं नाही. लहानपणी तसाच ठिपका ती माझ्या कानामागंही लावायची, आणि त्यावरून पोरं मला "कधी फुटणार रे?" म्हणून चिडवायची.

पुढं मी हैदराबादला लागलो. आमच्या मॅडम माणसाच्या डोळ्याच्या पडद्यामागच्या पेशी बाटलीत वाढवायच्या खटपटीत होत्या. नुसत्या काचेवर त्या धरत नव्हत्या, म्हणून अंड्याच्या कवचाआतला पातळ पापुद्रा धुऊन आम्ही बाटलीत अंथरायचो. पेशी त्याला चिकटल्या तर जगणार, नाहीतर मरणार.

आत्या आजारपणात माझ्याकडं आली ती अंड्यांची टोपली घेऊनच. शहरातली अंडी तिला पाणचट लागायची. माझं काम तिनं समजून घेतलं, पोटभर हसली आणि म्हणाली, "मी गेले की माझे डोळे घे. पर फेकू नगं बाबा, कामाला लाव."

ती गेली. बुबुळं दोन माणसांना बसवली आणि डोळ्यांचा मागचा भाग आमच्याकडं आला. तिच्या पेशी मी तिच्याच कोंबड्यांच्या अंड्यांच्या पापुद्र्यावर सोडल्या. त्या बाटलीत माझी आत्या अजून जिवंत आहे असंच मला वाटायचं. पण पेशी काही चिकटेनात. बाटली जरा कलती केली की चहाच्या तपकिरी भुकटीसारख्या वर तरंगायच्या.

त्यातच आत्याच्या जलदान विधीसाठी गावी निघायचं होतं. प्रयोगशाळेतली लाईट सारखी जायची, मागं बाटलीची ऊब टिकेल याचा भरवसा नव्हता. शेवटी झाकण घट्ट केलं, बाटली स्वच्छ पुसून पांढऱ्या फडक्यात बांधली, वर माझी नेहमीची गाठ मारली आणि बनियनमध्ये पोटाशी धरून बसनं निघालो. पोट दुखतंय का, म्हणून कंडक्टरनं विचारलंसुद्धा.

सोसायटीच्या पेटीतली ऊब पेशींना लागते तेवढीच. बाटली तिथंच ठेवली. आत्याच्या मागं मशीन इस्माईलचाचा सांभाळत होते. बाटली हलवायची नाही, एवढं सांगायचं मात्र दुःखात राहून गेलं...

विधी उरकून मी दुपारी पेटीकडं गेलो. चाचा अंडी फिरवत होते. ती रोज फिरवावीच लागतात, नाहीतर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं. आणि अंड्यांबरोबर माझी बाटलीही त्यांनी उलटी केली — आल्या दिवसापासून करत होते म्हणे!

मी बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली. "चाचा, आत्या होती हो त्यात."

चाचांचा चेहरा उतरला. "मला काय ठावं बेटा. भागाबाईनंच शिकिवलं, पेटीत हाय ते समदं फिरवायचं."

आता सगळं संपलं म्हणून मी गाठ सोडली. गाठ माझीच होती, जशीच्या तशी. फडकं आतून-बाहेरून पांढरं. आणि बाटलीच्या काचेवर काजळीचा एक ठिपका.

बाटली उजेडात धरून कलती केली. आतला तपकिरी डाग पापुद्र्यावर तसाच राहिला. पेशी चिकटल्या होत्या.

चाचा अंड्यांवर पेन्सिलीनं खूण करायचे. नमाजाला हात स्वच्छ हवेत म्हणून काजळीला ते बोटही लावत नसत. ठिपक्याकडं बघत ते हळूच म्हणाले, "ही तर भागाबाईची खूण हाय." मग आम्ही दोघंही तिथंच बसून रडलो.

हैदराबादला मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. पेशी फरशी बसवावी तशा एकमेकींना लागून बसल्या होत्या. मॅडम ठिपका पुसायला स्पिरिटचा बोळा घेऊन आल्या, तेव्हा मी पहिल्यांदाच त्यांना अडवलं. म्हटलं, राहू द्या मॅडम, आमच्याकडं खूण केलेल्याला हात लावत नाहीत.

नंतर मी कितीतरी बाटल्या मुद्दाम तशाच उलट्या करून पाहिल्या, एकीतही पेशी धरल्या नाहीत. कुणीतरी फडकं सोडून पुन्हा बांधलं असेल, असंही स्वतःला समजावून पाहिलं. पण मग काजळीचा एक डागही फडक्याला कसा लागला नाही? मॅडमनाही सांगता आलं नाही, मला तर आजही येत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर लिहा.

त्या पेशी पुढं बरेच दिवस जगल्या, कामाला आल्या, मग थांबल्या. रिकामी बाटली अजून माझ्या कपाटात आहे. ठिपका पुसट झालाय, पण आहे. बायको म्हणते, कशाला ठेवलीय ती? काय सांगू... फेकू नको म्हणाली होती.