अर्धा घासलेला तांब्या

चिंचेचा कोळ आणि चुलीतली राख लावून मी तांब्याचं अर्धं पोट घासून काढलं होतं, तेवढ्यात दारातून हाशमचा आवाज आला.

“अक्का, थांब! हाई काय करी राहिनी तू?”

“तांब्या घाशी राहिनू भाऊ. उद्या जळगावले साहेबांसमोर जाई ना. मन्हं नाव शे तेवर.”

नाव होतंच. लग्नातल्या भांड्यांवर ठोकून घेतात तसं, काठाखाली गोल: ‘सौ. द्रौपदाबाई’. आता त्यातलं ‘द्रौपदा’ काळं होतं आणि ‘बाई’ सोन्यासारखं चमकत होतं. हाशम मोरीच्या कडेला मटकन बसला. तेव्हा मला कळलं की माझ्या हातून काहीतरी मोठं बिघडलं आहे.

हाशम म्हणजे मुलींच्या शाळेतले हाशमसर, चित्रकलेचे शिक्षक. चोपड्यात आमच्या गल्लीत चार घरं सोडून राहतात. शाळेतल्या पोरी ‘सर’ म्हणतात, मी लहानपणापासून पाहिलेला म्हणून ‘हाशम’. त्याचे वडील रमजानभाई कल्हईवाले. आमच्या सगळ्या गल्लीची भांडी त्यांच्या हातून गेलेली. भांडं उजेडात फिरवून पोचा कुठे आहे ते ते एका नजरेत सांगायचे. हाशम म्हणतो, “चित्रकला मी धुळ्याला जाऊन शिकलो, पण बघायला शिकलो बापाजवळ.”

त्याने चार वर्षं खपून एक पेटी केली होती. पत्र्याची साधी ट्रंक. आत माझ्याकडून नेलेला तांब्या, मातीचं मडकं, खलबत्ता, वेताची टोपली, लाकडाचा चौकोनी ठोकळा, मागे लावायला काळं कापड आणि अठरा कार्डं. कार्डं लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींची, त्यातल्या निम्म्या पत्रिका माझ्याच घरच्या. त्यावर त्याचं गोल अक्षर. खेड्यातल्या शाळांमध्ये चित्रकलेचा मास्तर नसतो. ज्याचा तास रिकामा असेल तो वर्गावर जातो आणि सांगतो, “काढा काहीही.” मग पोरं डोंगर, दोन डोंगरांमधून सूर्य आणि झोपडी काढतात, वर्षानुवर्षं तेच. ही पेटी त्या मास्तरांसाठी होती, ज्यांना स्वतःला रेघ ओढता येत नाही.

गेल्या वर्षी जळगावच्या शैक्षणिक साहित्याच्या मेळाव्यात तपासायला आलेले साहेब पेटी उघडून म्हणाले होते, “हे भंगारवाल्याकडून उचललं का?” आणि शेजारचे छापील तक्ते बघायला निघून गेले. यंदा, म्हणजे अठ्ठ्याऐंशीच्या मार्गशीर्षात, त्याने पुन्हा नाव दिलं. पेटी मंजूर झाली तर जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळांत जाणार. नाही झाली तर मुख्याध्यापकांनी सांगून ठेवलं होतं, “यापुढे या ट्रंकेसाठी सुट्टी मिळणार नाही.”

पेटी माझ्या देवघराच्या फळीखाली असायची. शाळेत ठेवली की कोणी ना कोणी तांब्या पाणी प्यायला उचलायचं. त्या दुपारी पोथी वाचून उठले, पेटी पुसायला म्हणून उघडली, तर आपला तांब्या हा असा कळकट. नावानिशी! लोक काय म्हणतील, द्रौपदाबाईच्या घरी चिंच नाही?

“दोन महिने त्याला हात लावला नव्हता गं अक्का,” हाशम शेवटी म्हणाला. “मुद्दाम काळा पडू दिला. देवाचं भांडं चकचकीत पाहिजे, शाळेचं नाही. चकचकीत भांड्यात पोरांना उजेड-सावली दिसतच नाही. बाकी बठ्ठं दिसस. एका पोरीने तांब्या काढला, त्यावर मला मिशांसकट काढलं. म्हणे, सर, तांब्यात तुम्ही दिसत होता.”

मला हसू आलं आणि रडूही. त्याच्यामागून त्याची बायको मेहरुन आली. तिने तांब्याकडे पाहिलं, माझ्या राखेच्या हातांकडे पाहिलं.

“वा अक्का! दुसऱ्या बाया नेलेलं भांडं परत मागतात, तू घासून देतेस. चिमणीवर धरू का जरा? काजळी बसेल.”

“काजळी हाताला लागेल,” हाशम म्हणाला. तो तांब्या घेऊन दारात गेला. काळी बाजू उजेडाकडे केली, मग घासलेली. पुन्हा काळी. बापासारखाच फिरवत होता. मी मनात नामस्मरण सुरू केलं होतं. बऱ्याच वेळाने तो वळला, आणि चेहरा मघाचा नव्हता.

“मेहरुन, एक पत्रिका दे. एकोणिसावं कार्ड लिहायचं आहे. आणि अक्का, उरलेलं घासू नको. आता हात लावलास तर खरंच भांडेन.”

दुसऱ्या दिवशी मला घरी बसवेना. जळगावात बहीण आहे, कुंदाबाई, तिचं निमित्त काढलं आणि सकाळी देवाजवळ दिवा लावून हाशम आणि मेहरुनबरोबर एस.टी.त बसले. पेटी टपावर. तापीचा पूल येईपर्यंत मी तीनदा माफी मागितली. तिसऱ्यांदा हाशम म्हणाला, “अक्का, चणे खा.”

मेळावा एका शाळेच्या मोठ्या वर्गात होता. साहेब गेल्या वर्षीचेच. आमच्या बाकाजवळ आले, तांब्या उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, “हे काय, अर्धाच घासलाय? मध्येच नळ गेला वाटतं! या द्रौपदाबाई कोण?”

मी पदर सावरून खिडकीबाहेर बघायला लागले.

हाशम शांत होता. म्हणाला, “साहेब, मी काही सांगत नाही. पेटीलाच सांगू द्या. ज्याला अजिबात चित्र येत नाही असा कोणी मास्तर द्या मला.”

सगळे हसले आणि सगळ्यांनी एकाच माणसाकडे बोट केलं. धुळ्याचे वनासर, कवायतीचे शिक्षक, गळ्यात शिट्टी. “मी फक्त मैदानावर चुन्याची रेघ मारतो,” ते म्हणाले, पण बसले. हाशम हात मागे बांधून भिंतीशी जाऊन उभा राहिला. वनासर मोठ्याने कार्डं वाचू लागले.

“एकच खिडकी उघडी ठेवा.” त्यांनी उठून बाकीच्या लावल्या. “तांब्याची काळी बाजू मुलांकडे करा. पेन्सिल अजून हातात देऊ नका. विचारा, सगळ्यात उजळ कुठे? सगळ्यात गडद कुठे? मधलं कुठून सुरू होतं?” त्यांनी डोळे बारीक केले. “अरे! दिसतंय की! तीन पट्टे आहेत इथे!”

अर्ध्या तासात त्यांनी तांब्या काढला. काठ वाकडा होता, पण पोट गोल होतं. कागदातून उचलावंसं वाटावं इतकं गोल. त्यांचा स्वतःचा विश्वास बसेना. कागद लांब धरून बघत राहिले.

“आता एकोणिसावं,” हाशम म्हणाला.

“तांब्या फिरवा. घासलेली बाजू पुढे आणा. आता काय दिसतं?” वनासरांनी फिरवला. “शिट्टी दिसते. खिडकी दिसते. साहेब दिसतात, पोट जरा मोठं दिसतंय.” हशा पिकला. त्यांनी पुढे वाचलं, “भांडं तेच आहे, आकार तोच आहे. आधी काळ्या बाजूने शिकवा. ती जमल्याशिवाय ही देऊ नका.”

साहेब हसले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, बसले, तांब्या स्वतः फिरवला. एकदा, दोनदा, चारदा. मग म्हणाले, “गेल्या वर्षी हे नव्हतं.”

“नव्हतं. मी आठ वर्षं तोंडाने सांगत होतो, चकचकीत भांडं नको. दाखवायचं सुचलं नाही. ते या अक्कांनी काल मोरीत दाखवलं.”

साहेबांनी मला नमस्कार केला. मी गडबडून म्हणाले, “आमच्याकडे चिंच भरपूर आहे, साहेब.” का म्हणाले, देवालाच ठाऊक.

निकाल त्यांनी तिथेच सांगितला. “तुम्ही स्वतः शेजारी उभे असताना पेटी चालली, हे पाहिलं. तुम्ही नसताना चालते का, ते बघायचं. साक्रीच्या पुढे डोंगरातली एक शाळा आहे. तिथे गणिताचे आधार गुरुजी चित्रकला घेतात. पंधरा दिवस पेटी त्यांच्याकडे ठेवा. मुलांची चित्रं माझ्याकडे येऊ द्या. चालली तर पुढच्या वीस शाळांच्या कार्डांची छपाई आम्ही करू. भांडी मात्र ज्या त्या गावाने आपली आणायची.”

“चालेल, साहेब,” हाशम म्हणाला. ‘प्रयत्न करतो’ नाही म्हणाला.

परतताना एस.टी.त मेहरुनने मला कोपर मारलं. “अक्का, वीस गावांत आता अर्धा तांब्या घासायला कोण जाईल? तूच!” हाशम खिडकीशी बसून विसावं कार्ड लिहीत होता. गाडी आदळत होती म्हणून अक्षर वेडंवाकडं आलं. मी वाचलं: ‘तांब्या शाळेतून घरी पाठवू नये.’

पेटी आज माझ्या देवघराच्या फळीखालीच आहे, कुलूप घालून. किल्ली हाशमने स्वतःकडे ठेवली आहे. शनिवारी सकाळच्या गाडीने धुळे आणि तिथून साक्री, पेटी आधार गुरुजींच्या हातात द्यायला तो जाणार आहे.