मारुतीचे रोडगे आणि समुद्रकाठचा जवळा

खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी देवावर रुसूनच घराबाहेर पडले होते. गळ्यात तुळशीची माळ, तोंडात नाम, आणि मनात एकच कुरकुर, की बाप्पा, माझंच नाक काहून नेलं? दीड वर्षामागं तापानं अंथरुणाला खिळले. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईलही, नाहीही येणार. कापूर हुंगला, हिंग हुंगला, लसूण ठेचून नाकाशी धरला. काही नाही.

तुम्ही म्हणाल, म्हातारीला वासाचं एवढं काय? तर सांगते. आमच्या आसेगावात चैत्रात मारुतीच्या भंडाऱ्याला रोडगे होतात. जाड कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, पुरायचे, वरून राख. डोळ्यांना काही दिसत नाही. आतून भाजले की खरपूस वास सुटतो, तेवढाच काय तो इशारा. तीस वर्षं तो इशारा मीच ओळखत आले. मी "काढा" म्हटलं की माणसं फावडं घालायची. मागच्या वर्षी वासच आला नाही, अन् मी लाजेपायी कुणाला सांगितलंही नाही. अंदाजानं काढायला लावले, तर वरून कोळसा आणि आत कच्ची कणीक. पंगत बसलेली, माझी मान खाली. माझी जन्माची मैत्रीण कमळाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "आता तू भाजीचे वांगेच चिरत जा, बाई!" हसूनच म्हणाली, पण ते काट्यासारखं रुतून बसलं. वर्षभर मी एकच मागत होते, यंदाच्या भंडाऱ्याआधी माझा वास परत दे.

माझी मुलगी सुनंदा कोकणात असते. जावई तिकडे शाळेवर मास्तर आहेत. फाल्गुनात तिनं मला नेलं आणि एका रविवारी म्हणाली, "माय, चाल, तुले बंदराचं जुनं गाव दाखवतो. गाडी नाही, पायी पायी, तुह्या चालीनं."

आमची माती काळी, तिथली लाल. भिंतीही लाल चिऱ्याच्या, वर कौलं, आणि गल्ल्या कसल्या, दगडी पायऱ्याच त्या. चार पायऱ्या उतरावं, एखाद्या ओट्यावर टेकावं, पुन्हा उतरावं. एका ओट्यावरच्या बाईनं ओळख ना पाळख कोकमाचं सरबत दिलं. विहिरी पाहिल्या, सुपारीच्या पोफळी पाहिल्या, दाराला आतून आडवी लावायची माणसाच्या उंचीची आगळ पाहिली. घाई कसली ती नव्हतीच. पण मन काही रमेना. सुनंदा सारखी म्हणायची, "माय, काय सुंदर वास येऊन राह्यला!" कधी काजूच्या मोहोराचा, कधी कशाचा. आणि मी आपली मान हलवायची.

उताराच्या मध्यावर महादेवाचं देऊळ लागलं. दारात सुरंगीचे गजरे होते. हे फूल म्हणे सुकलं तरी घमघमतं. सुनंदानं एक घेऊन दिला. मी तो ओंजळीत धरून पिंडीसमोर बसले आणि नाकाशी नेला. मनात ठरवूनच टाकलं होतं, इथंच होणार, याच फुलातून होणार. एकदा ओढून पाहिलं, दोनदा, दहादा. काही नाही. डोळे भरून आले. हुंगलेलं फूल देवाला वाहत नाहीत, तरी गजरा पिंडीवर ठेवला आणि म्हटलं, "घे. याचा वास तूच घे. रोडगे कमळाबाई भाजंन. मी वांगे चिरीन. आता मागत नाही." रागानं नाही म्हटलं हो. थकून म्हटलं. पण म्हटल्यावर असं हलकं वाटलं, जसा डोक्यावरचा भारा कुणी उतरवून घ्यावा. बाहेर आले तेव्हा पहिल्यांदा ते लाल गाव मी डोळे भरून पाहिलं.

मग खाली धक्क्यावर गेलो. जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहत होते, तेवढ्यात नाकात काहीतरी घुसलं. उग्र, खारट, डोक्यापर्यंत जाणारं. मी जागच्या जागी थबकले. समोर जाळ्यावर जवळा सुकत घातला होता. जवळा म्हणजे नखाएवढी कोळंबी. जन्मात कधी माशाला न शिवलेली मी माळकरीण, मटकन तिथंच बसले आणि छाती भरभरून तो वास ओढू लागले. जवळा उलथवणारी बाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"काय गो आजी, सगली मानसा नाक धरून जातात, नि तू काय सुरंगी हुंगतेस?"

"अवो, सुरंगीनं नाही केलं ते तुमच्या जवळ्यानं केलं!" मी रडत होते आणि हसतही होते. सुनंदानं सगळं सांगितलं, तशी ती बाई माझ्याजवळ उकिडवी बसली. "मग घे, पोटभर घे. वासाचं काय पैसं नाय घेत मी." आणि मूठभर जवळा माझ्या नाकापुढं धरला. मी दोन्ही हात जोडले. ती म्हणाली, "मला कशाला नमस्कार? त्या वरच्या म्हादेवाला घाल." मी म्हटलं, "त्यालेच घातला, बाई."

परत चढताना देवळाशी थांबले. आता सुरंगीचा वास मलाही येत होता.

चैत्रात आसेगावात आर पेटला. कमळाबाई फावडं घेऊन उभी. "काढू काय?"

"थांब."

"जळतीन, बाई! मागच्या वर्षीवानी करतं काय?"

"थांब म्हणलं ना." सगळा गाव माझ्या तोंडाकडं बघत होता. आणि मग आला. राखेखालून, गव्हाचा, खरपूस. "काढा!" पहिला रोडगा कमळाबाईनंच फोडला. आत वाफ, कणीक पुरती भाजलेली, सुटी. तशी ती फावडं टाकून गळ्यात पडली. मग म्हणाली, "कोन्या देवाले नवस केला होता?" मी जवळ्याचं सांगितलं, तर मारुतीच्या पारावर हसण्याचा असा कल्लोळ उठला, की वाढपीही थांबले.

ते देवानं केलं की आजारच ओसरत आला होता, ते मी सांगू शकत नाही. शिकलेली नाही मी. एवढं कळलं, की मी मागणं तर मागत होतेच, वर ते कोणत्या फुलातून द्यायचं हेही त्याला शिकवत होते. शिकवणं सोडलं, त्याच उतारावर त्यानं दिलं. त्या दिवशी नैवेद्याच्या पानात मी दोन रोडगे ठेवले. एक मारुतीचा. दुसरा भंडाऱ्याला आलेल्या जावयांच्या हाती धक्क्यावरच्या त्या जवळेवाल्या बाईला पाठवला.