गालिच्याची राखण

आमच्या शाळेतल्या मावशींचं खरं काम फरशी पुसणं, घंटा देणं आणि पोरांची नाकं पुसणं. गरीब घरच्या मुलांसाठी शाळेला जादा निधी मिळाला आणि मावशींना बढती मिळाली. त्या गालिच्याच्या राखणदार झाल्या.

गरीब पोरं वाचनात मागे आहेत, हे मोठ्या सरांना निधी आल्यावर कळलं. त्यांनी तीन बैठका घेतल्या आणि वाचनाची खास खोली सजवली. गुबगुबीत उशा, दारावर उद्घाटनाची पाटी, जमिनीवर निळाशार गालिचा. पुस्तकं जुनीच, पण त्यांना नवी कव्हरं घातली हो! गालिचा इतका देखणा, की सरांनी लगेच फर्मान काढलं: बूट बाहेर काढायचे, मगच आत पाऊल. दाराशी स्टूल टाकून मावशींना पहाऱ्यावर बसवलं.

माझ्या तिसरीच्या वर्गात एक पोरगी होती. सगळे तिला चिमटी म्हणायचे. ती दारापर्यंत यायची आणि खांबासारखी उभी राहायची. "मला नाही वाचायचं." रोज तेच. मी रोज वहीत शेरा मारायचे, 'प्रतिसाद नाही'. वीस शेरे झाले तेव्हा मोठे सर म्हणाले, "बाई, ही आपल्याकडची केस नाही. तपासणीला साहेबांसमोर हिने वाचलं नाही, तर मंद मुलांच्या शाळेत पाठवून देऊ." मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

खरं काय ते मावशींना ठाऊक होतं, कारण स्टुलावर बसून त्या दिवसभर पायच बघायच्या. चिमटीच्या मोज्यांना तळ नव्हते. घोट्याभोवती तेवढी नळी उरलेली, बुटाच्या वर दिसण्यापुरती. उजव्या बुटाचा तळ आतून सुतळीने बांधलेला. बूट काढला की अख्ख्या वर्गासमोर सगळं उघडं पडणार. मावशींनी नातीचे मोजे आणून दिले, तर पोरीने परत केले. "कुणाकडून काही घेतलं की आई रागावते." मंद कसली, मानी होती ती.

मावशींनी मला हे सांगितलं नाही असं नाही. मी म्हणाले, "बैठकीत मांडू या." बैठकीत उशांच्या खोळींचा रंग ठरला आणि वेळ संपली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

मधल्या सुट्टीत मावशी जिन्यावर बसायच्या. चष्मा डोक्यावर सरकवायच्या आणि चिमटीला म्हणायच्या, "चष्मा घरी विसरले गं. हे काय लिहिलंय, बघ जरा." शाळेची सूचना, कागदी पिशवीवरच्या बातम्या, फिनेलच्या बाटलीवरचा मजकूर, पोरगी सगळं घडाघडा वाचायची.

तपासणीचा दिवस आला. साहेब मोज्यांवर आत येऊन गालिच्यावर बसले. चिमटीला बोलावलं. ती दाराशी थिजली. "मला नाही..." मोठे सर साहेबांकडे बघून हसले, 'बघा, मी म्हणत नव्हतो?' अशा थाटात.

तेवढ्यात मावशी स्टुलावरून उठल्या. पायात चिखलाचे गमबूट, हातात फरशी पुसलेल्या पाण्याची बादली. तडक आत गेल्या आणि गालिच्याच्या मधोमध बादली कलंडली. आता, कलंडली म्हणजे कलंडली. मी शपथेवर काही सांगणार नाही.

"अगंबाई!" मावशी म्हणाल्या. "ओल्यात पोरं अनवाणी कशी येणार? सर्दी होईल की. बूट घालूनच या रे सगळे!"

साहेबांनी आधी स्वतःचे बूट मागवले. चिमटी बूट वाजवत आत आली, पुस्तक उघडलं आणि धडा वाचायला लागली. साहेब "पुरे" म्हणाले तरी थांबेना. ते वीसही शेरे माझ्या अक्षरात होते. लाज वाटली, आणि वाटायलाच हवी होती.

मावशींची रवानगी संडास धुण्यावर झाली. महिन्याने अहवाल आला आणि फलकावर लागला. मावशींनी चष्मा डोक्यावर सरकवला. "विसरले गं चष्मा. वाच."

चिमटीने वाचलं, "गालिच्यामुळे मुलांच्या वाचनात लक्षणीय सुधारणा झाली आहे. पुढील वर्षी जादा निधीतून सर्व वर्गांत गालिचे घालावेत. बूट बाहेर काढण्याचा नियम कायम ठेवावा."

"छान वाचलंस," मावशी म्हणाल्या. "वर्ग किती गं आपले?"

"सात."

"बरं. मोठी बादली मागून घेते."