डाव्या बुटातलं म्यान

डावरेकाका जेवत उजव्या हाताने, सही करत उजव्या हाताने, दाढीही उजव्याच हाताने. तरी नदीच्या दोन्ही काठांवर लोक त्यांना डावरेकाकाच म्हणत. कारण एकच काम ते डाव्या हाताने करत, बुटातला चाकू काढण्याचं.

पूल झाला, फेरीबोट बंद पडली, काका घरी बसले. बूट मात्र सुटले नाहीत. सकाळी नदीकाठी फिरायला निघाले की पायात तेच जाडजूड उंच बूट आणि डाव्या बुटात चाकू. तिकडे कापायला आता दोरखंड सोडाच, सुतळीचा तुकडाही उरला नव्हता. लेक म्हणायची, बाबा, चपला घाला. काका म्हणायचे, घोट्याशी वजन नसलं की तोल जातो. यात थाप किती आणि खरं किती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

फेरीबोटीवर काका दोरखंड सांभाळत. ओल्या दोराच्या वेढ्यात कुणाचा पाय सापडला की बोट काही थांबत नाही, दोर आवळतच जातो. अशा वेळी गाठी सोडवत बसायचं नसतं, दोर कापायचा असतो. घडीचा चाकू उघडायला दोन हात लागतात, आणि कमरेचा चाकू वाकलं की पोटात रुततो. म्हणून सगळे दोरवाले बिनघडीचा आखूड चाकू बुटात खोचत. खोचत म्हणजे नुसता कोंबत. चालता चालता तो खाली सरके आणि घोटा सोलून काढी. नव्यानेच लग्न होऊन आलेल्या काकूंनी रक्ताळलेले मोजे दोन-चारदा मुकाट्याने धुतले आणि मग हे प्रकरण स्वतःच्या हातात घेतलं.

काकू चामडी पिशव्यांच्या कारखान्यात शिवणकाम करत. हात त्यांचा डावा. कारखान्यातल्या कात्र्या, यंत्रं आणि मुकादमाची जीभ, सगळं उजव्यांच्या सोयीचं. ‘उलट्या हाताची’ हे ऐकून त्यांचे कान किटले होते. एका सुटीच्या दिवशी त्यांनी काकांचा बूट स्वतःच्या पायात चढवला, माप घेतलं आणि आतून, बाहेरच्या अंगाला म्यान शिवलं. घोट्याच्या हाडाच्या वरच संपणारं, मागे लोकरी कापडाची गादी, तळाला पाणी निथळायला भोक, मुठीवर बटणाचा पट्टा. अंगठ्याने उडवला की चाकू मोकळा.

काकांनी बूट घातले, जिना चढले, उतरले, उकिडवे बसले. चाकू ना हलला ना टोचला. मग काढायला वाकले आणि गोची कळली. म्यान डाव्या बुटात होतं. बायकोने स्वतःच्या हातावरून माप घेतलं होतं. समोर ती आरी हातात धरून उभी, तोंडाकडे टक लावून. या घरात आल्यावर तिने शिवलेली ही पहिली वस्तू. काका म्हणाले, ‘‘झकास.’’

एकदा झकास म्हटल्यावर मागे कसं फिरणार? काकांनी दोरांच्या कोठीमागे जाऊन डाव्या हाताची तालीम सुरू केली. चाकू पडायचा, लोक फिदीफिदी हसायचे. पण एके दिवशी सोबत्याचा पाय खरोखरच वेढ्यात सापडला, आणि बाकीचे ओरडत होते तेवढ्यात काकांच्या डाव्या हाताने दोर कापलाही. त्या दिवसापासून ते डावरे झाले.

तो सोबती जेवायला आला आणि तोंड भरून सांगू लागला, वहिनी, आमच्या डावऱ्यानं माझा पाय वाचवला. वाढता वाढता काकूंची नजर काकांच्या हाताकडे गेली. उजव्या हातात घास होता. काकू वाढत राहिल्या. काकांनीही ताटातून मान वर काढली नाही.

लवकरच नवे बूट आले. एक बूट मांडीवर घेऊन काकू बसल्या आणि मध्येच म्हणाल्या, अहो, जुन्यातून एकदा चाकू काढून दाखवा बरं. काकांनी डोळ्याचं पातं लवायच्या आत डाव्या हाताने काढून दाखवला. मग काकूंनी म्यान उसवून नव्या डाव्या बुटात बसवलं.

त्या बुटांचे तळ कितीदा तरी बदलले, वरचं चामडं तेच राहिलं. काकू गेल्या, त्यांची शिवण राहिली. यंदा चामड्यानेही मान टाकली, तेव्हा काका नवी जोडी आणि जुनी जोडी घेऊन बूटवाल्याकडे गेले. लेकही बरोबर होती. काकांना फक्त म्यान हलवून हवं होतं, आणि बूटवाल्याने नेमकं नको तेच विचारलं, ‘‘काका, तुम्ही तर उजवे. उजव्या बुटात लावतो ना?’’

‘‘खरंच की,’’ लेक म्हणाली. ‘‘मग आईनं डाव्यात का लावलं?’’

आईच्या हातचं काम म्हणजे शंभर नंबरी, हे लेक ज्याला त्याला सांगत असे. काकांनी उभ्या उभ्या थाप मारली, दोर ओढताना उजवा हात गुंतलेला असतो, म्हणून मीच सांगितलं होतं. लेकीला पटलं. काकांच्या जिवात जीव आला.

लोकरी गादी पार झिजली होती, तिच्या जागी चामड्याचा तुकडा हवा म्हणून बूटवाला जुन्या उजव्या बुटाचं अस्तर उसवत होता. तो थांबला. ‘‘इथेही कुणीतरी म्यान लावायला घेतलेलं दिसतंय. आरीनं भोकं पाडून मग मेणानं बुजवलीत.’’

काकांनी बूट हातात घेतला. बारीक, सारख्या अंतरावरची भोकं. हात कुणाचा ते विचारायला नको. त्या दिवशी चाकू काढून दाखवल्यावर तिने मांडीवरचा बूट खाली ठेवला होता आणि दुसरा उचलला होता. ते तेव्हाही दिसलं होतं. कोणता ठेवला आणि कोणता उचलला, हे मात्र पाहायचं सुचलं नव्हतं. जन्मभर दोघांची अळीमिळी गुपचिळी, आणि काका समजत होते की गुपित एकट्याचं आहे.

‘‘बाबा, काय झालं?’’

‘‘मी खोटं सांगितलं,’’ काका म्हणाले. डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. ‘‘चुकली होती ती. आणि तिला कळलं होतं गं.’’

मग त्यांनी लेकीला सगळं सांगितलं. बूटवाला आरी खाली ठेवून ऐकत होता. सांगून झाल्यावर त्याने हलकेच विचारलं, मग आता कोणत्या बुटात लावू?

‘‘डाव्याच,’’ काका म्हणाले. ‘‘आणि गादीला हा भोकांचा तुकडा घाल.’’

आता तो तुकडा म्यान आणि काकांचा घोटा यांच्या मध्ये असतो. काका रोज सकाळी नदीकाठी जातात. चाकू कुठे टोचत नाही.