न पाहिलेली शीर

हे मी परवापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही — आणि एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

संभाजीनगरात मी सोनोग्राफी करते. रिपोर्टच्या बाबतीत लई कडक बाई, असं माझं नाव आहे. ज्युनियरनं एक ओळ जरी न बघता लिहिली, तर मी त्याला उभा-आडवा घेते. घेताना आतून मलाच घाम फुटायचा, ते कुणाला दिसत नसे.

सविताताई सिल्लोडजवळच्या. पायमशीनवर शिवणकाम करायच्या. डावा पाय सुजायचा — फक्त डावाच. घरचे म्हणत, मशीनमुळं. अहो, मशीन काय एकाच पायानं चालते? हा प्रश्न मला पडला होता. पडला होता, तेच तर!

पायातल्या शिरा नीट तपासल्या, स्वच्छ होत्या. वर ओटीपोटात बघायला गेले, तर गॅसमुळं काही दिसेना. त्या जेवून आल्या होत्या. उद्या उपाशीपोटी या — एवढंच म्हणायचं होतं ना? पण बाहेर गर्दी, त्यांना एसटी गाठायची... जाऊ दे, एसटीचं नाव कशाला घेऊ? मला कंटाळा आला होता. कॉम्प्युटरवर तयार रिपोर्ट असतो, त्यात एक ओळ असते : ओटीपोटातल्या शिरा नॉर्मल. ती मी खोडली नाही. सही केली.

त्या कागदाच्या भरवशावर घरच्यांनी सगळा दोष मशीनला दिला आणि ती विकून टाकली. सूज तशीच. वर्षभरानं पाय मांडीपर्यंत फुगून निळा पडला — आत रक्ताची गुठळी. दुसऱ्या दवाखान्यात स्कॅन केला तेव्हा कळलं, उजव्या पायाकडं जाणारी धमनी डाव्या पायाची शीर मणक्यावर दाबत होती. गुठळी काढली, शिरेत स्टेंट बसवला. ती गुठळी फुप्फुसात गेली असती तर?

आणि या बाई मलाच पेढे घेऊन आल्या! म्हणाल्या, "तुम्ही बघितलं तवा नव्हतंच ते, मॅडम. मागून झालं." मी होकारार्थी मान डोलावली. पेढा खाल्ला. आळस एका दिवसाचा होता, हा भ्याडपणा मात्र मी तीन वर्षं सांभाळला.

परवा त्या तपासणीला आल्या, उपाशीपोटी. स्टेंटमधून रक्त छान वाहत होतं, दोन्ही पाय सारखे. नवी मशीन घेतली म्हणाल्या. मला इतका आनंद झाला, की त्या भरातच धीर आला असावा. फाइलीतला जुना रिपोर्ट काढला, त्या ओळीवर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं — ही शीर मी पाहिली नव्हती. सही केली आणि त्यांच्या हातात दिला.

त्यांनी सावकाश वाचलं.

"तवा बघितलं असतं, तर कळलं असतं?"

"व्हय ताई. कळलं असतं."

त्यांनी फाइल पिशवीत घातली आणि गेल्या. मला हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू? त्यांना काय वाटलं, ते मी विचारलं नाही.