मधल्या धुक्याचं माप

"त्या ऑटोचा दिवा केवढा दिसतोय?"

जानेवारीच्या धुक्यात लखनऊला निशातगंजच्या चौकात मावशी कुणालाही थांबवून हे विचारत. "बहुत बड़ा," समोरचा म्हणे. "दिवा मुठीएवढा आहे. फुगवलाय धुक्यानं," असं सांगून त्या भाजीकडे वळत. तुमच्याही ओळखीत असेल असं एखादं माणूस, रस्त्यात शाळा भरवणारं.

छावणीतली आम्ही मराठी मंडळी त्यांना मावशी म्हणतो. त्या साताऱ्याच्या, सगळी नोकरी लखनऊत, सूर्याच्या अभ्यासात. शहराबाहेर संस्थेच्या आवारात त्यांची अँटेनांची रांग. सूर्यावर स्फोट झाला की निघणाऱ्या रेडिओलहरी ती टिपते. पण या लहरी सूर्याच्या बाहेरच्या वातावरणातून, प्रभामंडलातून वाट काढत येतात. तिथे वळतात, विखुरतात. मग उगम असतो त्याहून मोठा दिसतो, आणि सूर्यापासून जास्त लांब. विद्यार्थ्यानं आलेखावर नुसतं 'उगम' लिहिलं की मावशी कागद परत करत. 'दिसलेला उगम' लिहायचं.

"मॅम, इतना कौन देखता है?"

"मी बघते ना."

संस्थेनं ती जागा पार्किंगला द्यायचं ठरवलं. साहेबांच्या गाड्यांना सावली हवी, म्हणून सूर्याचा अभ्यास बंद. छावणीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये बसून मी रांग वाचवायला पत्रक लिहिलं: 'ही रांग स्फोटाची अचूक जागा सांगते.' मावशींनी 'अचूक'वर काट मारली.

"मावशी, यार, लढाईत असं लिहावंच लागतं."

"खोटं बोलून वाचवलेली रांग माझ्या काय कामाची?"

बैठकीत साहेबांनी तेच विचारलं. "मैडम, धमाका ठीक कहाँ हुआ, बता सकती हैं?"

"नहीं."

मी कपाळावर हात मारला.

"बीच का वायुमंडल कितना भटकाता है, वही नाप रहे हैं. लाइन हटाएँगे तो वो भी पता नहीं चलेगा."

"यानी आपको खुद नहीं मालूम."

"नहीं मालूम. जिसे मालूम हो, उसे बुला लीजिए."

कुणाला बोलावणार होते? जागा मात्र पार्किंगला गेली. मावशींना नोकरीत मुदतवाढ मिळाली नाही. त्या साताऱ्याला परतल्या.

काल अँटेनांचे खांब उपटायला ठेकेदाराची माणसं मशीन घेऊन आली. मी आणि मावशींचे विद्यार्थी अँटेनांच्या मध्ये जाऊन बसलो. तेवढ्यात नोंदींच्या खोलीतून एक विद्यार्थिनी धावत आली. स्फोट नोंदला जात होता. तिनं तिथूनच मावशींना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

कुठे झाला, हे मावशींनी विचारलं नाही. "किती पसरलेला दिसतोय?"

"नाप रहे हैं, मॅम. इधर मशीन खड़ी है, उठने को बोल रहे हैं."



"माप पूर्ण होईपर्यंत कुणी उठायचं नाही," मावशी म्हणाल्या. "आणि घाईत मापायचं नाही."